गुचिन हे चिनी तंतुवाद्य ऐकायला सुरुवात करताय?

आधी चिनी संगीतातले पाच स्वर कानात बसवा: गोंग, शांग, ज्युए, झी, यू. भूप ओळखता ना? गोंगपासून निघालात की तेच सा रे ग प ध. झीला षड्ज धरलंत तर दुर्गाचे स्वर हाती येतात. पण तिथे राग शोधत बसू नका, चलन सर्वस्वी वेगळं आहे.

आता वाद्य. सात तारा, १३ खुणा. खुणेवर बोट नुसतं टेकवून तार छेडली की घंटेसारखा स्वच्छ स्वर येतो. तार दाबून बोट सरकवलं की मींड. नाद विझत आला तरी डावं बोट सरकतच राहतं. बोट घासल्याचा तो आवाज ऐकाच, तो दोष नाही, मला तर सगळा जीव तिथेच दिसतो.

गुचिनची जुनी लिपी तार, बोट आणि जागा सांगते, लय मात्र लिहीत नाही. ती वादकाने शोधायची. म्हणून एकच रचना दोघांकडून ऐका. 'ल्यू श्वेई'पासून सुरुवात करा. ग्वान पिंगहू यांनी वाजवलेली हीच रचना १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर अंतराळात गेली.

आणि चिनी संगीतात पाचच स्वर, असं कुणी म्हणालं तर त्यांना १९७८ साली हूबेई प्रांतात सापडलेल्या घंटा ऐकवा. सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या या संचात बाराही स्वर मिळतात.