मुरा आणि द्रावा यांच्या मधला जिल्हा: चाकोवेत्सला येऊ पाहणाऱ्या सांगलीकरास उत्तर

क्रोएशियातल्या चाकोवेत्सच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रे) ऑपरेटरची नोकरी मिळते आहे, एजंटाने क्रोएशियाचे म्हणून निळ्या समुद्राचे फोटो पाठवले आहेत, तेव्हा सांगली सोडून यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी सहा वर्षांपासून येथे याच कामावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ते फोटो या जिल्ह्याचे नाहीत. चाकोवेत्स हे मेजिमुर्ये जिल्ह्याचे मुख्य शहर असून हा जिल्हा देशाच्या अगदी उत्तर टोकाला, स्लोव्हेनिया आणि हंगेरी यांच्या सीमांना लागून आहे. राजधानी झाग्रेब सुमारे शंभर किलोमीटरवर आणि समुद्र त्याहून बराच लांब. उत्तरेकडून मुरा आणि दक्षिणेकडून द्रावा वाहते, पूर्वेला लेग्रादजवळ दोघी एकमेकींना मिळतात, आणि हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहिलेल्या माणसाला मधल्या सुपीक पट्ट्याची कल्पना सहज येईल. क्षेत्रफळ जेमतेम 729 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढे. पश्चिमेला श्ट्रिगोवा भागात द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आहेत, पण सर्वांत उंच टेकडीही साडेतीनशे मीटरांपर्यंत पोहोचत नाही. पूर्वेकडे सपाट रान, त्यात मका आणि बटाटा. द्राक्षे तुम्हाला नवी नाहीत, मात्र येथील पुशिपेल जातीची द्राक्षे वाइनसाठी लावतात, बेदाण्यासाठी नव्हे.

पर्यटनावर जगणारा हा प्रदेश नाही. कापड, विणमाल, पादत्राणे, धातुकाम, बांधकाम आणि अन्नप्रक्रिया यांवर तो उभा आहे, आणि द्रावेवरची तीन जलविद्युत केंद्रे या परिसरात आहेत. शिलाईच्या कामात मजुरी कमी मिळते. धातुकामात कुशल माणसाला मान आहे. तरी जागा रिकाम्या का, हे समजून घ्या. 2013 साली देश युरोपीय संघात गेला आणि येथील गवंडी, फिटर, वेल्डर ऑस्ट्रिया-जर्मनीकडे जाऊ लागले. 2011 ते 2021 या दोन जनगणनांमध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 14 हजारांवरून 1 लाख 5 हजारांवर आली. परदेशी कामगारांसाठीची वार्षिक कोटापद्धत 2021 पासून बंद झाली, आणि आपल्यासारख्यांना दार उघडले ते त्यामुळे.

मात्र येथल्या क्रोएशियन शेजाऱ्याला परदेशी कामाची जी मोकळीक आहे ती आपल्याला नाही. 2023 पासून हा देश शेंगेन क्षेत्रात (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) असल्यामुळे स्लोव्हेनियात फिरून येता येते, पण तेथे किंवा ऑस्ट्रियात काम करता येत नाही, कारण आपला परवाना क्रोएशियाचा आणि ठरावीक मालकाकडच्या कामाचा असतो. 2025 साठी किमान वेतन कपातीपूर्वी 970 युरो होते. तुम्हाला सांगितलेला आकडा कपातीपूर्वीचा की हातात पडणारा, आणि खोलीचे भाडे त्यातून जाणार का, हे लेखी घ्या. माझ्या एजंटाने राहणे फुकट सांगितले होते. पहिल्याच पगारातून भाडे कापले गेले, आणि करारात एक ओळही नसल्याने मला भांडता आले नाही.

माणसे कष्टाळू, टापटिपीची आणि सुरुवातीला अबोल आहेत. सकाळी सहाच्या पाळीला यंत्राशी आलात की आधी ‘दोब्रो युत्रो’ (सुप्रभात) म्हणा. न बोलता कामाला लागणे येथे उद्धटपणाचे मानतात. प्रमाण क्रोएशियनमध्ये ‘काय’ला ‘श्तो’ म्हणतात, पण येथील कायकावियन बोलीत चक्क ‘काय’च म्हणतात! पहिल्या दिवशी फोरमनने मायक्रोमीटर हातात धरून मला ‘काय?’ विचारले, तेव्हा मी मराठीतच उत्तर देऊन बसलो होतो. या बोलीतल्या लोकगीतांना, म्हणजे ‘पोपेव्का’ला, 2018 साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. बोलीचा लोकांना फार अभिमान आहे, कारण 1918 पर्यंत हा प्रदेश हंगेरीच्या कारभारात असतानाही ती घरात टिकली.

रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटले जाई त्या लोकांविषयी तुम्हाला येथे बरेच वाईट ऐकायला मिळेल. त्यांच्या वस्त्या बहुधा गावाबाहेर आहेत, आणि मुलांना शाळेत वेगळ्या वर्गांत बसवण्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2010 साली क्रोएशियाला भेदभावासाठी दोषी धरले. ते प्रकरण याच जिल्ह्यातल्या शाळांचे होते. त्यांची मुळे भारतात सांगतात म्हणून मी हिंदीशी जुळणारे शब्द शोधू लागलो, पण येथील बहुतेक रोमा बायाशी गटाचे आहेत आणि त्यांची बोली रोमानियनची आहे. वस्त्यांची थट्टा चालू असेल तेव्हा तिच्यात सामील होऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जेवणात डुकराचे मांस सर्रास असते. ‘तिब्लित्सा’ नावाच्या लाकडी पिंपात, चरबीत बुडवून ते महिनोन्‌महिने ठेवतात. शाकाहारी असाल तर कारखान्याच्या जेवणावर अवलंबून राहू नका. चाकोवेत्सच्या मंडईत बटाटा, कोबी सगळे मिळते, तूरडाळ मात्र सोबत आणा. नोव्हेंबरात दोन्ही नद्यांवरचे धुके दुपारपर्यंत हलत नाही आणि बरेच जण सायकलीने कामावर जातात, म्हणून जाड हातमोजे पहिल्याच आठवड्यात घ्या.