पोलिसाने गाडी थांबवली आणि जवळ पिस्तूल असेल तर

तुमचा प्रसंग दोनदा वाचला. ग्रीन कार्ड येऊन दीड वर्ष झालं, डॅलसच्या बाहेर दुकान आहे, रात्री अकरा वाजता गल्ला घेऊन एकटे घरी जाता, म्हणून रीतसर पिस्तूल घेतलं. वेगळा परवाना काढला नाही, कारण टेक्सासात आता लागत नाही असं सगळे सांगतात. परवा पोलिसाने वेगासाठी थांबवलं. पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये (डॅशबोर्डच्या कप्प्यात), त्यावर गाडीची कागदपत्रं. तुम्ही काही न बोलता ग्लव्ह बॉक्स उघडून इन्शुरन्सचा कागद काढून दिलात, त्याने समज देऊन सोडलं. आता विचारताय की न सांगून मी गुन्हा केला का.

गुन्हा केला नाहीत. पण थोडक्यात वाचलात, आणि ते न सांगण्यामुळे नाही. ग्लव्ह बॉक्समुळे.

आधी कायद्याचं सांगतो. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या, शस्त्र बाळगायला कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं. गाडीत ते उघड दिसत असेल तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. परवाना नसलेल्याने पोलिसाला आपण होऊन सांगावं असं बंधन इथे नाही. परवाना असेल तर मात्र, पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असलं, की ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर तो परवानाही दाखवायचा असतो.

आता ग्लव्ह बॉक्स. तो पोलीस तुमच्या खिडकीशी वाकून उभा होता, हातात टॉर्च. तुम्ही उजवीकडे झुकलात, झाकण पडलं, आणि कागद दोन बोटं जरी सरकले असते तरी त्याला पहिल्यांदा दिसलं असतं ते पिस्तुलाची मूठ आणि तिच्याकडे जाणारा तुमचा हात. तुमच्या मनात इन्शुरन्स होता हे त्याला कुठून कळणार? कागदपत्रं आणि पिस्तूल कधीही एका जागी ठेवू नका. माझे कागद डोक्यावरच्या सन व्हायझरला क्लिपने लावलेले असतात आणि लायसन्स शर्टाच्या खिशात. पाकीट उजव्या मागच्या खिशात आणि पिस्तूल उजव्या कमरेला, हेही तितकंच धोक्याचं. पाकिटाकडे जाणारा हात आणि पिस्तुलाकडे जाणारा हात बाहेरून सारखाच दिसतो.

मी टेक्सासात बावीस वर्षं आहे. पहिल्याच वर्षी पोलिसाने थांबवल्यावर मी सांगलीच्या नाक्यावर करायचो तेच केलं. दार उघडून, कागद हातात घेऊन साहेबाकडे चालत निघालो. आपल्याकडे तो नम्रपणा असतो, बसून राहणं उद्धटपणाचं वाटतं. इथे बरोबर उलटं. मागून लाउडस्पीकरवर असा आवाज आला की पाय जागीच थांबले. आपल्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे आधी सांगतो: गाडीतच बसायचं. इंडिकेटर देऊन उजवीकडे घ्यायची, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू, काचा खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, बोटं मोकळी. तो येऊन बोलेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

दुसरा प्रसंग आठेक वर्षांपूर्वीचा. सॅन अँटोनियोहून ह्यूस्टनला येताना आय-टेन हायवेवर मागचा एक दिवा गेला होता, म्हणून थांबवलं. पिस्तूल कमरेला, शेजारी बायको. मी हात स्टिअरिंगवर ठेवून परवान्याचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मदत म्हणून पायाशी ठेवलेली पर्स उचलून चेन ओढली. पोलिसाचा हात सरळ त्याच्या होल्स्टरवर गेला. मी घाबरून पटकन म्हणालो, "अगं थांब, हात वर ठेव!" मराठीत. त्याने ते आणखीच चुकीचं धरलं. गाडीतली दोन माणसं त्याला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी ठरवताहेत, एवढंच त्याला दिसलं. "इंग्लिश, सर. इंग्लिश ओन्ली." त्याचा आवाज चढलेला, बायकोचे हात डॅशबोर्डवर थरथरत होते. ते दहा सेकंद आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

पुढे सगळं शांतपणे झालं. त्याने मला खाली उतरवलं, पिस्तूल स्वतः काढून घेतलं, मॅगझिन काढलं, चेंबरमधली गोळी काढली. जाताना रिकामं पिस्तूल, मॅगझिन आणि ती सुटी गोळी डिक्कीत वेगवेगळी ठेवली आणि "मी निघून जाईपर्यंत भरू नका" म्हणाला. हा त्याचा अधिकार आहे. स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षेसाठी गरज वाटली तर तो तपास चालू असेपर्यंत शस्त्र ताब्यात घेऊ शकतो, आणि तुम्हाला अटक होत नसेल तर सोडताना परत द्यावं लागतं. गाडीतून उतरायला सांगणं हाही त्याचा अधिकार, १९७७ च्या पेन्सिल्वेनिया विरुद्ध मिम्स या खटल्यापासून. तिथेही कोटाखालचा फुगवटा दिसला होता आणि आत रिव्हॉल्व्हर निघालं होतं. उतरा म्हटलं की उतरायचं. वाद घालायचा असेल तर नंतर वकिलामार्फत. गाडीची झडती घेऊ का असं विचारलं तर मात्र "आय डोन्ट कन्सेंट टू सर्चेस, ऑफिसर" एवढं सौम्यपणे म्हणता येतं. तरीही त्याने घेतली तर अडवायचं नाही.

सांगायचं कसं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. "गन" हा शब्द आधी उच्चारू नका. ट्रकच्या आवाजात पोलिसाला तेवढा एकच शब्द ऐकू जातो, आणि आपापसात ते तो शब्द धोक्याचा इशारा म्हणून ओरडतात. मी हात न हलवता म्हणतो, "ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी अँड आय ॲम कॅरिंग. इट्स ऑन माय राइट हिप. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" आणि गप्प बसतो. तो सांगेल ती हालचाल, आधी तोंडाने बोलून मग करायची. तुमच्यासारखा परवाना नसलेला माणूस कायद्याने गप्प राहू शकतो, पण पिस्तूल त्याला दिसण्याची किंवा तुमचा हात पिस्तुलाजवळ जाण्याची जराही शक्यता असेल, तर सांगितलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगितलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फॅल्कन हाइट्सला फिलँडो कॅस्टिलला थांबवलं. कारण सांगितलं मागच्या दिव्याचं. बत्तीस वर्षांचा, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा, परवाना असलेला माणूस. त्याने इन्शुरन्सचं कार्ड दिलं, आदराने सांगितलं की माझ्याजवळ शस्त्र आहे. पोलीस म्हणाला काढू नकोस, तो म्हणाला काढत नाहीये. काही सेकंदांत सात गोळ्या सुटल्या. मैत्रीण शेजारी आणि तिची चार वर्षांची मुलगी मागे बसलेली. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. कॅस्टिलचं चुकलं असं मी म्हणत नाही, म्हणवणारही नाही. तो कृष्णवर्णीय होता, आणि ते बाजूला ठेवून त्या रात्रीबद्दल बोलता येत नाही. पण तेव्हापासून माझे हात स्टिअरिंगवरून हललेले नाहीत.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला जास्त काळजीचं वाटतं ते. तुमचं ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. शस्त्राच्या कायद्याखालचा गुन्हा शाबीत झाला तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं, बाकी रेकॉर्ड कितीही स्वच्छ असलं तरी. आणि दुकानात मदतीला येणारा भाचा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आहे असं तुम्ही लिहिलंय. विद्यार्थी किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा गोळीसुद्धा बाळगता येत नाही. त्याला गाडीची किल्ली देण्याआधी पिस्तूल काढून घ्या. आठवणीत राहील असं म्हणू नका, सवयच लावा. गाडीत ते सापडलं तर आयुष्य त्याचं बिघडेल.

परवाना लागत नाही म्हणून काढला नाहीत, तो काढा. फी ४० डॉलर, एका दिवसाचा वर्ग, ५० गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. तुम्हाला तो हवाच, कारण शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर फेडरल बंदी आहे आणि शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या परवानाधारकाला तिच्यातून सूट आहे. तुमच्या घर-दुकानाच्या रस्त्यावर किती शाळा लागतात ते मोजून बघा.

गणपतीला न्यू जर्सीला बहिणीकडे गाडीने जायचं म्हणताय. टेक्सासचा परवाना तिथे चालत नाही, पिस्तूल घरच्या तिजोरीत राहू द्या. एरवीही राज्याराज्यात नियम बदलतात. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनात लपवून बाळगलेल्या शस्त्राबद्दल पोलीस आल्या आल्या आपण होऊन सांगावं लागतं. ओहायोत २०२२ पासून विचारल्यावरच.

आज दुकान बंद करायच्या आधी कागद ग्लव्ह बॉक्समधून काढून व्हायझरला लावा. आणि वहिनींना शेजारी बसवून एकदा सराव करा, हात कुठे ठेवायचे, पर्स कुठे, कोण बोलणार. आम्ही ते त्या रात्रीनंतर केलं.