निन्टेन्डो स्विच २ वर फुटबॉलचा पूर्ण गेम आलाय का, की पुन्हा नुसती जर्सी बदललेली जुनी आवृत्ती?

हो, आलाय: ईए या गेम कंपनीचा 'एफसी २६' (आधी 'फिफा' नावाने येणाऱ्या मालिकेतला गेम) सप्टेंबर २०२५ मध्ये स्विच २ साठी वेगळा तयार होऊन आला, म्हणजे कन्सोल बाजारात आल्यावर चार महिन्यांच्या आत. तुमची शंका रास्तच आहे. पहिल्या स्विचवर फुटबॉलप्रेमींची खरंच उपेक्षा झाली. २०१७ चा 'फिफा १८' तिथे आला, पण प्लेस्टेशनवरचं फ्रॉस्टबाइट इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, त्यात नव्हतं. पुढे 'फिफा २०' ते 'फिफा २३' या सगळ्या 'लेगसी एडिशन' होत्या: खेळ तोच, फक्त संघ, खेळाडू आणि किट नवे. फ्रॉस्टबाइट स्विचवर पोचलं ते थेट २०२३ मध्ये, 'एफसी २४' सोबत. २०२५ मध्ये प्रकाशकांचा कल बदललेला दिसतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. अमेरिकन फुटबॉलचा 'मॅडन' तर २०१२ नंतर निन्टेन्डोवर आलाच नव्हता. तोही ऑगस्ट २०२५ मध्ये स्विच २ वर परतला.

एक गोष्ट मात्र सांभाळा. 'एफसी २६' जुन्या स्विचसाठीही निघालाय आणि ती आवृत्ती वेगळी आहे. स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात, त्यामुळे चुकून ती घेतली तर गेम सुरू होईल, पण हाती जुन्या कन्सोलसाठी बनवलेलाच खेळ येईल. खोक्यावर किंवा ईशॉपच्या (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाच्या) पानावर 'स्विच २' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघूनच पैसे भरा.