१११७ या व्होल्टेज रेग्युलेटर चिपचा रुंद टॅब पीसीबीवर ग्राउंडला जोडायचा का?
नाही, एसओटी-२२३ पॅकेजमधल्या १११७ चा टॅब आतून आउटपुटला जोडलेला असतो. ग्राउंडला सोल्डर केलात तर सरळ शॉर्ट. डेटाशीटमधली पिनांची आकृती बघा: मधली पिन आणि टॅब, दोन्ही आउटपुट. घोळ होतो तो ७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटरच्या सवयीमुळे, त्याचा टॅब ग्राउंड असतो. टॅबखालचं कॉपर आउटपुटच्या, म्हणजे इथे ३.३ व्होल्टच्या नेटला द्या आणि चांगलं ऐसपैस ठेवा, कारण उष्णता मुख्यतः तिथूनच बाहेर पडते: ५ व्होल्टवरून ३.३ करताना ५०० मिलिअँपिअरला ०.८५ वॅट चिपमध्येच जातात. कपॅसिटर पिनांना खेटून लावा. आउटपुटला मात्र नुसता सिरॅमिक लावण्याआधी डेटाशीट वाचा. एलएम१११७ ला स्थिर राहायला थोडा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) लागतो, म्हणून १० मायक्रोफॅरडचा टँटलम बरा. काही नव्या पर्यायी चिप सिरॅमिकवरही स्थिर राहतात.