तयार विमान घेणं स्वस्त, मग तेजसवर एवढा पैसा का घातला?

तुमचा प्रश्न असा आहे: तेजस हे आपलं लढाऊ विमान घडवायला जवळपास चाळीस वर्षं आणि हजारो कोटी गेले, त्याऐवजी बाहेरून तयार विमानं घेतली असती तर परवडलं नसतं का? आणि आता एएमसीए या पुढच्या विमानासाठी 15,000 कोटी मंजूर झालेत, तो पैसा तरी कशासाठी?

पुढच्या दहा वर्षांचाच हिशोब मांडला तर विकत घेणं स्वस्त पडतं, हे आधीच मान्य करतो. पण लढाऊ विमान हवाई दलात तीस-चाळीस वर्षं राहतं. मिग-21 तर 1963 ला आलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं, म्हणजे बासष्ट वर्षं. एवढ्या काळाचा हिशोब धरला की उत्तर बदलतं.

मी कोणी संरक्षणतज्ज्ञ नाही. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे, चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशिनं) आणि अकरा माणसं. विमानांचे सुटे भाग करतो. वडील ओझरच्या मिग कारखान्यात फिटर होते. त्यामुळे हा पैसा कुठे जातो ते मी कागदावर कमी आणि मशिनवर जास्त पाहिलंय.

एक साधा ब्रॅकेट घ्या. तळहातावर मावेल एवढा, टायटॅनियमचा. तो करायला साताठ किलोचा ठोकळा येतो आणि तयार पीस भरतो सहाशे ग्रॅमच्या आसपास. बाकी सगळा चुरा. टायटॅनियम कापताना उष्णता चुऱ्याबरोबर निघून जात नाही, टूलच्या टोकाशी साठते. म्हणून स्पीड कमी ठेवायचा, कूलंटचा मारा सतत चालू ठेवायचा आणि टूल थकायच्या आत बदलायचं. घाई केली की पृष्ठभाग जळतो. तो जळालेला थर डोळ्याला दिसेलच असं नाही, पण हवेत हजारो वेळा हादरे बसल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. पीस निघाला की हातानं बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कूस काढायची, सीएमएम या माप घेणाऱ्या मशिनवर मापं घ्यायची, मग तडे तपासण्यासाठी पेनिट्रंट टेस्ट. पहिल्या पीसचं तर ड्रॉइंगवरचं एकेक माप लिहून रिपोर्ट द्यावा लागतो.

यात धातूइतकाच कागद महत्त्वाचा. प्रत्येक ठोकळ्यावर हीट नंबर असतो, म्हणजे तो धातू कुठल्या ओतकामातला आहे याची खूण. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे ठोकळे कापताना तो नंबर दुसऱ्या तुकड्यावर उतरवायचा राहिला. आठ पीस मापात अगदी बरोबर होते, पण कुठल्या धातूचे ते सिद्ध करता येईना. आठही स्क्रॅप केले. चूक आमची होती आणि निर्णय बरोबर होता. उद्या एखाद्या विमानात तडा सापडला तर त्याच धातूचे बाकीचे पीस कुठल्या विमानांत बसलेत ते तासाभरात कळायला हवं.

आणि हे झालं ठरलेल्या ड्रॉइंगचं काम. नवं विमान घडत असताना ड्रॉइंगच ठरलेलं नसतं. दोन पीस करायचे, त्यासाठी फिक्स्चर, म्हणजे पीस मशिनवर घट्ट धरणारी चौकट बनवायची, चाचणीत भाग हलला की ड्रॉइंग बदलतं आणि फिक्स्चर भंगारात जातं. असे हजारो भाग. त्यावर सॉफ्टवेअर, जमिनीवरच्या चाचण्या आणि मग उड्डाणं. 2013 ला तेजसला प्राथमिक मंजुरी मिळेपर्यंत चाचण्यांची दोन हजारांवर उड्डाणं झाली होती.

आता आकडे. तेजसला सुरुवात 1983 मध्ये 560 कोटींनी झाली. 1993 ला पहिला मोठा टप्पा मंजूर झाला 2,188 कोटींचा, ज्यात ते 560 धरलेले होते. 2001 ला दुसरा टप्पा आला, तो वाढत वाढत 5,777 कोटींवर गेला. दोन्ही मिळून जवळपास 8,000 कोटी. त्याच्या शेजारी 2016 चा राफेलचा करार ठेवा: 36 विमानं, 7.87 अब्ज युरो, म्हणजे तेव्हाचे 58,000 कोटींच्या आसपास. ही तुलना जशीच्या तशी करू नका. राफेल दोन इंजिनांचं, मोठं विमान आहे, आणि त्या रकमेत शस्त्रं, सुटे भाग, देखभाल असं बरंच काही आहे. पण तेजसच्या विकासाचा आकडा नुसता वाचून जो धक्का बसतो, तो यानं जरा जागेवर येतो.

खरी मेख पुढे आहे. विकासाचा खर्च एकदाच होतो, मग तो जितक्या विमानांवर वाटला जाईल तितका हलका होतो. सुरुवातीला तेजसची ऑर्डर होती 40 विमानांची. 8,000 कोटी चाळिसांवर वाटले की प्रत्येकी 200 कोटी, म्हणजे नुसतं डोकं चालवण्याचेच 200. फेब्रुवारी 2021 ला 83 मार्क-1ए, म्हणजे सुधारित तेजस विमानांची ऑर्डर निघाली आणि सप्टेंबर 2025 ला आणखी 97 ची. झाली 220. आता तोच खर्च विमानामागे 36 कोटींवर आला. मार्क-1ए च्या सुधारणांचा वेगळा खर्च यात नाही, पण दिशा कळते. अमेरिकेच्या बी-2 बॉम्बरचं याच्या उलट झालं. बेत 132 विमानांचा होता, शीतयुद्ध संपलं आणि 21 वरच थांबले. सगळा खर्च त्या एकविसांवर पडून एकेक विमान सुमारे दोन अब्ज डॉलरला गेलं.

मग या पैशातून मिळालं काय? इथे मला वडिलांच्या कामाबद्दल सांगावं लागेल. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि 1963 ला नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, त्याच सुमारास मिगचा कारखाना ओझरला आला. आमच्याकडे आजही ओझरला ‘ओझर मिग’ म्हणतात. तिथे मिग-21, मग मिग-27, मग सुखोई-30 बांधली गेली. वडिलांच्या हाताला जी सफाई आली ती तिथेच आली, आणि आज नाशिकमध्ये माझ्यासारखी जी शॉप्स आहेत ती त्या कारखान्याच्या सावलीत उभी राहिली. पण परवान्यावर बांधलेल्या विमानात ‘हे कसं करायचं’ ते ड्रॉइंगवर मिळतं, ‘हे असंच का’ ते मिळत नाही. भिंत तीन मिलिमीटरचीच का, दोनची का नाही, याचा हिशोब मूळ कंपनीच्या कपाटात असतो. म्हणून नवं क्षेपणास्त्र लावायचं म्हटलं की त्यांच्या दारात जावं लागतं, ते सांगतील ती किंमत आणि ती मुदत. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं म्हटल्यावर ओंजळ किती उघडायची ते तोच ठरवणार.

तेजसनं गोव्याच्या किनाऱ्याजवळ 23 ऑगस्ट 2023 ला अस्त्र क्षेपणास्त्र डागलं. विमान आपलं, क्षेपणास्त्र आपलं, दोघांना जोडणारं सॉफ्टवेअर आपलं. या एका गोष्टीची किंमत मी फार मोठी मानतो, कारण ती एका दिवशी विकत मिळत नाही. तेजस मुळात अस्थिर आखलेलं विमान आहे. चपळ वळावं म्हणून ते तसं ठेवलंय, आणि त्याला हवेत सावरून धरायचं काम संगणक सेकंदाला अनेक वेळा करतो. या प्रणालीसाठी अमेरिकेतल्या कंपनीची मदत घेतली होती. मे 1998 मध्ये पोखरण झालं, निर्बंध आले, आपले इंजिनिअर परत पाठवले गेले आणि सामानही तिकडेच अडकलं. उरलेलं काम बंगळुरूत बसून पूर्ण केलं. 4 जानेवारी 2001 ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं विमान उडवलं आणि सुखरूप उतरवलं. ज्यांनी हे शिकून घेतलं, ती माणसं हाच त्या 8,000 कोटींतला सगळ्यात महाग माल.

हा माल टिकवला नाही तर काय होतं तेही आपण भोगलंय. बंगळुरूत कुर्ट टांक या जर्मन डिझायनरच्या हाताखाली आपण मरुत हे लढाऊ विमान बनवलं, त्याचं पहिलं उड्डाण 17 जून 1961 ला झालं. आखलं होतं ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी. त्याला हवं ते इंजिन तयार व्हायला इंग्रज कंपनीला पैसे हवे होते, ते आपण दिले नाहीत. मग कमी ताकदीच्या इंजिनावर विमान जेमतेम ध्वनीच्या वेगाला टेकलं. जास्त जोराच्या इंजिनाचा प्रयोग करताना जानेवारी 1970 मध्ये वैमानिक सुरंजन दास गेले, मरुतचं पहिलं उड्डाण त्यांनीच केलं होतं. 147 मरुत बनली, 1971 च्या युद्धात चांगली लढली, आणि पुढचं विमान काही उभं राहिलं नाही. माणसं पांगली, निवृत्त झाली. 1961 नंतर आपण आखलेलं पुढचं लढाऊ विमान उडालं ते थेट 2001 ला. तेजसला उशीर का झाला याचं निम्मं उत्तर मला या चाळीस वर्षांच्या खिंडारात दिसतं.

उरलेलं निम्मं उत्तर आपल्या चुकांत आहे, तेही लपवू नये. तेजससाठीचं आपलं कावेरी इंजिन 1989 ला 382 कोटींत होईल असं धरलं होतं. जेट इंजिनात पात्यांवरून जाणारा वायू त्या पात्याच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो. पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं आणि आत थंड हवेच्या केसासारख्या वाटा ठेवायच्या. हे ज्यांना जमतं ते देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. माझ्यासारख्या मशिनवरच्या माणसाला ती 382 कोटींची रक्कम वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं. 2008 ला कावेरी तेजसपासून वेगळं काढलं, आणि आज मार्क-1ए अमेरिकेच्या एफ-404 इंजिनावर उडतं. ऑगस्ट 2021 ला 99 इंजिनांची ऑर्डर दिली, त्यातलं पहिलं मार्च 2025 ला हातात पडलं. मार्च 2024 पासून विमानं द्यायची होती, ती मुदत गेली. एवढं आपलं आपलं म्हणताना हृदय अजून परक्याचंच आहे.

या उशिराची किंमत वैमानिकांनी मोजली. तेजस ज्याची जागा घेणार होतं ते मिग-21 आपली मुलं 2025 पर्यंत उडवत राहिली. वडील मिग-21 चा अपघात झाल्याची बातमी आली की टीव्ही बंद करायचे. आज मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी (लढाऊ विमानांच्या तुकड्यांपैकी) हवाई दलाकडे 29 आहेत. म्हणून राफेल घ्यायला माझा विरोध नाही. घर बांधून होईपर्यंत भाड्यानं राहावंच लागतं.

राहिला एएमसीए. त्या 15,000 कोटींत पाच प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीची पहिली विमानं करायची आहेत, इंजिन सुरुवातीला अमेरिकेचं एफ-414. माझ्या मते रक्कम मोठी नाही, पण बातमी वाचताना मी दोन गोष्टी शोधतो. हवाई दल किती विमानं घेणार हे आधी कबूल करतंय का, आणि पुढच्या इंजिनाच्या करारात पात्यांचं ओतकाम आपल्याला शिकवणार आहेत का.

पहिली गोष्ट माझ्या पोटाशीही जोडलेली आहे. मध्यंतरी दोन वर्षं आम्हाला विमानाचं कामच नव्हतं. टायटॅनियमवर पाच वर्षं हात बसवलेला माझा सेटर, म्हणजे मशिनवर जॉब लावणारा माणूस, सातपूरला गाड्यांच्या पार्ट्सवर गेला, आणि मी त्याला अडवू शकलो नाही, कारण पगार कशातून देणार? 17 ऑक्टोबर 2025 ला ओझरच्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं, त्यानंतर दिवाळीत त्याला फोन केला. तो परत आलाय. त्याच्या हाताखाली आयटीआयची दोन मुलं दिलीत. अॅल्युमिनियम ती आता बिनचूक करतात. टायटॅनियमचा जॉब एकट्यानं लावायला अजून वर्षभर तरी लागेल, असं तो म्हणतो.