कुत्र्याची टाच कुठे असते?

प्रिय चित्रकार मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मांजर, कुत्रा, ससा आणि घोडा ही चारही डिजिटल चित्रे सावकाश पाहिली. रंग प्रसन्न आहेत, आणि सशाच्या कानांतला फिकट गुलाबी तर मला फारच आवडला. तरीही हे प्राणी जमिनीवर उभे न वाटता कॅनव्हासवर चिकटवल्यासारखे दिसतात. त्याचा दोष तू ब्रशला दिला आहेस. मला तो मागच्या पायांत दिसतो.

कुत्र्याचे चारही पाय तू सरळ नळ्यांसारखे काढले आहेस. त्याच्या मागच्या पायात मध्याखाली मागे वळलेला जो सांधा दिसतो, त्याला नवशिके हमखास उलटा गुडघा समजतात. वास्तविक ती टाच असते. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेशी असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, म्हणजे खुरावर उभा असतो, तर अस्वल मागचा तळपाय आपल्याप्रमाणे पूर्ण टेकवते. चवड्यांवर उभे राहून गुडघे किंचित वाकव, म्हणजे कुत्र्याचा पाय तुला स्वतःच्याच पायात सापडेल. चित्र साधे ठेवायला माझी हरकत नाही, पण पाय दोनच रेषांत काढायचा असेल तर त्या रेषा नेमक्या टाचेपाशी वळल्या पाहिजेत.

तुझा घोडा चारही पाय ताणून हवेत तरंगतो आहे, याबद्दल मात्र रागावणार नाही, कारण भलेभले चित्रकार शतकानुशतके तसेच काढत आले. 1878 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही खूर जमिनीपासून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, हे दिसले.

आता सराव. प्राण्याचे छायाचित्र चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये खालच्या लेअरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकावर) फिकट करून ठेव आणि वरच्या लेअरवर फक्त पाठीचा कणा, खांदा व कमरेचा तिरकेपणा आणि सांध्यांच्या जागी छोटी वर्तुळे काढ. मग दोन्ही लेअर लपवून तेच नव्या लेअरवर आठवणीने काढ आणि शेवटी सगळे एकावर एक उघडून चूक नेमकी कुठे झाली ते पाहा. नुसते गिरवून हात वळतो, नजर तयार होत नाही. ती या तुलनेत होते. एका चित्रावर दोन तास घालवण्यापेक्षा दोन-दोन मिनिटांची वीस रेखाटने कर. जिवंत मांजर समोर असेल तर ती स्थिर बसणार नाहीच, म्हणून एकाच कॅनव्हासवर पाच-सहा अर्धवट रेखाटने चालू ठेव आणि मांजर पुन्हा त्या ढबीत आली की त्या रेखाटनाकडे वळ.

चित्र झाले की आकृती पूर्ण काळी भरून पाहा. तुझ्या मांजरीची शेपटी तेव्हा मागच्या पायात हरवते. ती थोडी बाहेर घे. कॅनव्हास आरशातल्यासारखा आडवा उलटवलास की डोळ्यांची वरखाली झालेली पातळीही लगेच खटकेल. सावलीला काळा रंग वापरू नकोस, अंगाच्याच रंगाची गडद, थोडी निळसर छटा मल्टिप्लाय लेअरवर, म्हणजे खालचे रंग गडद करणाऱ्या लेअरवर, दे. ब्रश एकच पुरे.

पुढच्या वेळी रंगवलेले काही पाठवू नकोस. त्याच कुत्र्याचे मागचे पाय, बसलेले, उभे आणि धावतानाचे, नुसत्या रेषांत हवे आहेत, आणि प्रत्येकात टाचेवर लाल ठिपका दे.

तुझा हितचिंतक