बाहुलीचं गाणं लिहिताना

मुलांच्या कार्यक्रमात बाहुली जे गाणं गाणार, त्याची चाल बांधण्याआधी एक ठरव: या गाण्यातून मुलाला नेमकी कोणती एकच गोष्ट कळायला हवी? अंक आणि रंग एकाच गाण्यात कोंबू नकोस. शिकवायचा शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंवा ओळीच्या शेवटी येऊ दे, तिथेच तो कानात राहतो.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, मात्र बाहुलीच्या आवाजात गाऊनच ठरव. बाहुलीला आवाज देणाऱ्या कलाकाराला स्वतःच्या गळ्यात सहज लागणारा वरचा सा पात्राच्या आवाजात फाटतो, आणि लहान मुलांच्या आवाजाचा पल्लाही छोटाच असतो. गाणं सहसा आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रीकरणात बाहुली त्यावर ओठ हलवते. जबडा प्रत्येक अक्षराला, स्वरावर उघडतो. म्हणून द्रुत लयीत जोडाक्षरांची गर्दी टाळ. ओळींमध्ये मोकळी जागा ठेव, मुलांना उत्तर द्यायचं असतं!